‘घाबरू नका’ असं मी आता कुणाला सांगत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३९. २००६ साली एफवायबीएची परीक्षा दिली, इंग्रजी राहिलं, त्याच वर्षी लग्न झालं आणि कॉलेज सुटलं ते सुटलंच. आता मुलगी बारावीत आहे. बीए पूर्ण करायचं मनात आहे, मुक्त विद्यापीठाची माहितीपुस्तिकाही आणून ठेवली आहे, पण फॉर्म भरायची वेळ आली की छातीत धडधडतं. यजमान ‘कर की’ म्हणतात, सासूबाई ‘आता या वयात कशाला’ म्हणतात. स्वतःलाच वाटतं की आता डोक्यात काही राहत नाही. माझ्याच्यानं होईल का?

ताई, होईल. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाही. तालुक्याच्या गावातल्या, मुक्त विद्यापीठाच्या एका अभ्यासकेंद्रावर मी २२ वर्षं दर रविवारी संमंत्रक म्हणून मराठी आणि समाजशास्त्र शिकवते आहे. माझ्यासमोर अंगणवाडी सेविका बसल्या आहेत, पतपेढीतले शिपाई, होमगार्ड, शिलाईकाम करणाऱ्या बायका, ग्रामपंचायतीच्या सदस्या बसल्या आहेत. पहिल्या रविवारी त्यातले बहुतेक जण तुमचंच वाक्य घेऊन येतात: “मॅडम, माझ्याच्यानं होईल का?” म्हणून माझं ‘होईल’ हे डोळ्यांनी बघितलेलं आहे.

पण ते कसं होतं हे नीट सांगायला हवं, कारण त्यात मी स्वतः एक मोठी चूक केलेली आहे.

सुरुवातीच्या वर्षांत मी नवीन येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगायचे, “घाबरू नका, सोपं असतं.” एक बाई यायच्या. दोन मुलांची आई, घरीच शिवणक्लास चालवायच्या. चार रविवार आल्या आणि पाचव्यापासून बंद झाल्या. वर्षभरानं आठवडी बाजारात भेटल्या. मी विचारलं, का हो सोडलंत? त्या मेथीची जुडी चाळत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुम्ही म्हणालात सोपं आहे. मला ते सोपंसुद्धा जमेना. मग म्हटलं, हे आपलं काम नाही.” ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. धीर द्यायला म्हणून जे बोलले त्यानंच त्यांची वाट अडली. अवघड आहे असं मी सांगितलं असतं, तर न जमण्याचा दोष त्यांनी अभ्यासाला दिला असता, स्वतःच्या डोक्याला नाही.

म्हणून तुम्हाला सरळ सांगते: अवघड जाईल. पहिले दोन-तीन महिने तर जास्तच. पुस्तक उघडल्यावर एकच परिच्छेद तीनदा वाचावा लागेल. तसं झालं की ‘बघ, मी म्हटलंच होतं’ असं मनात येईल. तेव्हा एवढंच आठवा की हे सगळ्यांना होतं. आज तिसऱ्या वर्षाला पहिल्या बाकावर बसतात त्यांनाही झालं होतं.

अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९७७ साली ‘हे मला जमेल’ हा विश्वास माणसात कुठून येतो याची मांडणी केली. त्यानं चार वाटा सांगितल्या: स्वतः करून पाहिलेली आणि जमलेली गोष्ट, आपल्यासारख्याच दुसऱ्या कुणाला जमताना बघणं, कुणी दिलेला धीर आणि त्या वेळी आपलं शरीर कसं आहे ते. यातली पहिली वाट सगळ्यांत भक्कम. दुसऱ्यानं दिलेला धीर त्या मानानं फार लेचापेचा असतो. मेथीच्या जुडीपाशी मला जे उमगलं ते त्यानं किती आधी लिहून ठेवलं होतं. ‘आधी भीती जाऊ दे, मग फॉर्म भरते’ असं ठरवून बसलात तर तो दिवस उगवणार नाही. आधी काहीतरी जमलं पाहिजे, छोटं का असेना, म्हणजे भीती एक पाऊल मागे सरकते.

ते छोटं काहीतरी म्हणून मी हातापासून सुरुवात करते. हो, हातापासूनच. तुम्ही लिहिलेल्यात याचा उल्लेख नाही आणि कुणाच्याच बोलण्यात तो नसतो, पण माझ्या अनुभवात निम्मी भीती तिथंच दडलेली असते. सलग एक पान शेवटचं कधी लिहिलंत ते आठवून बघा. किराण्याची यादी, मुलीच्या वहीवर नाव, बचतगटाच्या रजिस्टरवर सही, बाकी सगळं मोबाइलवर बोटानं. आणि पेपर असतो दोन-तीन तासांचा.

आमच्याकडे एसटीचे एक कंडक्टर आले होते, वय ४४. पूर्वी वेबिल, म्हणजे फेरीतल्या तिकिटांचा हिशेब, हातानं लिहायचे, पण तिकिटाचं मशीन आल्यापासून पेन उरलं ते सहीपुरतं. पहिल्या रविवारी मी त्यांना एक फुलस्केप दिला आणि म्हटलं, आपल्या गावाबद्दल दहा मिनिटं लिहा, शुद्धलेखन बघू नका. चौथ्या ओळीला ते थांबले. मनगट झटकलं, बोटं उघडून मिटून बघितली, पुन्हा दोन शब्द लिहिले, खोडले. दहा मिनिटांत सात ओळी झाल्या, त्यातल्या दोन खोडलेल्या. कागद पुढं सरकवून म्हणाले, “मॅडम, डोकंच चालत नाही हो आता.” मी कागद बाजूला ठेवला आणि म्हटलं, तोंडी सांगा. त्यांनी मुक्कामी गाडीबद्दल सांगायला सुरुवात केली. शेवटच्या गावात रात्री गाडी लावायची, शाळेच्या ओट्यावर झोपायचं, पहाटे दूधवाले आणि कॉलेजची पोरं घेऊन निघायचं, पावसाळ्यात घाटात दरड आली की बायका-माणसांना उतरवून पायी पलीकडे न्यायचं. पंधरा मिनिटं एकदाही न अडखळता बोलले. डोकं छान चालत होतं. हात मागं पडत होता. मनात वाक्य तयार व्हायचं, हात तिथं पोचेपर्यंत ते विरून जायचं आणि त्यांना वाटायचं की आपल्याला सुचतच नाही.

तुमच्या बाबतीतही हे असण्याची शक्यता मोठी आहे. तेव्हा फॉर्म भरायच्या आधीच हे सुरू करा. एकरेघी फुलस्केप घ्या आणि परीक्षेत वापरणार तेच पेन घ्या, बॉलपेन किंवा जेल, पण एकच. रोज दहा मिनिटं घड्याळ लावून लिहायचं. पहिला आठवडा वर्तमानपत्रातला मजकूर नुसता उतरवून काढा, कारण त्यात सुचण्याची काळजी नसते, फक्त हात चालतो. दुसऱ्या आठवड्यापासून स्वतःचं लिहा: काल काय झालं, लहानपणीची शाळा, पहिल्यांदा केलेलं पुरणपोळीचं पुरण, काहीही. वर तारीख घाला आणि खाली ओळी मोजून आकडा टाका. अंगठ्याच्या मुळाशी दुखेल, पेन फार घट्ट धरलं आहे असा त्याचा अर्थ, पकड सैल करा. तिसऱ्या आठवड्याच्या आसपास हात मोकळा होतो, बहुतेकांचं हेच बघितलं आहे. मग वीस मिनिटं, मग पाऊण तास. आणि परीक्षेआधी निदान दोनदा जुन्या प्रश्नपत्रिकेवर पूर्ण वेळ बसून पेपर लिहायचा, मधे न उठता, गॅसवर काही न ठेवता. कंडक्टरसाहेबांची ती सात ओळींची फुलस्केप माझ्या फाइलमध्ये आहे. त्याच फाइलमध्ये त्यांच्या दुसऱ्या वर्षाचा एक गृहपाठही आहे, सलग नऊ पानांचा. नवीन आलेल्या माणसाला मी दोन्ही शेजारी ठेवून दाखवते. आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना बघणं ही बांडुराची दुसरी वाट मला या फाइलमुळे खरी पटली.

आता ‘डोक्यात राहत नाही’ याबद्दल.

हे म्हणणाऱ्या बाईला गावातल्या दोनशे घरांतली नाती पाठ असतात. कुणाच्या भिशीचा नंबर कधी, कुणाच्या मुलीचं स्थळ कुठून आलं, कुठल्या दुकानात किती उधारी बाकी आहे, सगळं डोक्यात असतं. म्हणजे लक्षात राहणं थांबलेलं नाही, पुस्तकातलं लक्षात ठेवायची सवय मोडली आहे. हर्मान एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून लिहून ठेवलं की एकदा शिकलेलं विसरलं तरी दुसऱ्यांदा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. पूर्ण पुसलं गेलं असं वाटतं, तिथंही काहीतरी शिल्लक असतं. तुमच्या बारावीचं आणि एफवायचं असंच आहे. पुस्तक उघडून बसलात की महिन्याभरात ‘अरे, हे तर आपण शिकलो होतो’ असं व्हायला लागेल.

पण वाचायच्या पद्धतीत एक खाच आहे आणि ती भीतीशी थेट जोडलेली आहे. बहुतेक जण धडा वाचतात, परत वाचतात, खाली रेघा मारतात, परत वाचतात. वाचताना सगळं कळल्यासारखं वाटतं, आणि परीक्षेच्या हॉलमध्ये कोरा कागद समोर आला की काही आठवत नाही. मग निष्कर्ष एकच: माझं डोकं गेलं. अमेरिकेतल्या हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली यावरच प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटानं एकदा वाचून पुढच्या वेळी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. आणि गंमत अशी की पुढे आपल्या लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त वाटत होती.

तुमच्यासाठी याचा अर्थ असा. पुस्तक मिटून आठवायला बसलात की सुरुवातीला अडायला होईल आणि ते अडणं नापास झाल्यासारखं वाटेल. तसं नाही. त्या अडण्यातच ते डोक्यात बसत असतं. दोन पानं वाचा, पुस्तक पालथं घाला, कोऱ्या कागदावर आठवतील तेवढे मुद्दे लिहा. चार आठवले तर चार. मग पुस्तक उघडून राहिलेले मुद्दे लाल पेनानं भरा. दोन दिवसांनी तेच परत करा, लाल कमी झालेलं दिसेल. कागद-पेन नसेल तेव्हा पोळ्या लाटताना मनातल्या मनात मुद्दे म्हणा, नाहीतर मुलीला समोर बसवून सांगा. आमच्या एक विद्यार्थिनी म्हशीची धार काढताना ग्रामीण समाजाची वैशिष्ट्यं म्हणायच्या, एकेका धारेला एकेक. त्यांचा समाजशास्त्राचा पेपर मी तपासलेला नाही, पण त्यांनी वर्गात दिलेली उत्तरं ऐकलेली आहेत, आणि जगलेलं आयुष्य पुस्तकातल्या व्याख्येला चिकटलं की उत्तर कसं जड होतं ते त्यांच्याकडून कळलं. एकोणीस वर्षांच्या मुलाला ‘विस्तारित कुटुंब’ पाठ करावं लागतं. तुम्ही त्यात राहता.

इंग्रजी. इथं माझा तुम्हाला एक उलट प्रश्न आहे: तेव्हा किती मार्कांनी राहिलं होतं? हा प्रश्न मी ज्यांना ज्यांना विचारला त्यांतल्या बहुतेकांना आकडा सांगता आला नाही. ‘नापास’ हा शब्द तेवढा लक्षात होता. गुणपत्रिका काढून बघितली तर कुणी चार मार्कांनी राहिलेलं, कुणी सहा. आणि त्या चार मार्कांवर पंधरा-वीस वर्षं ‘मला इंग्रजी येत नाही’ हे ओझं वाहिलेलं. तुमचीही बघा. आकडा वाईट असेल तर असू दे, पण तो बघितलेला असू दे. दुसरं म्हणजे अभ्यासक्रम हातात घेऊन पूर्ण पदवीत इंग्रजीचे पेपर किती आहेत ते मोजा. मराठी माध्यमातून बीए करणार असाल तर हे ओझं तुमच्या मनातल्यापेक्षा बरंच लहान निघेल.

इंग्रजीचा विषय निघाला की मला पार्वतीबाई आठवले यांची आठवण होते. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया कर्वे यांची ही बहीण. जन्म १८७० चा. तरुणपणी वैधव्य आलं, मग पुण्याला येऊन शिकल्या आणि हिंगण्याच्या आश्रमासाठी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. इंग्रजी येत नाही ही खंत मनात होती. पंचेचाळिशी उलटल्यावर, १९१८ साली, ते शिकायला त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथं लोकांच्या घरी कामं करून राहिल्या. त्यांना त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला. तुमच्या घरात बारावीची मुलगी आहे. रोज तिच्याकडून दहा ओळी मोठ्यानं वाचून घ्या, मग त्याच तुम्ही वाचा, ती चुका दुरुस्त करेल. आईनं आपल्याकडून शिकणं मुलांना फार आवडतं. पाच शब्द निवडून त्यांची आपल्या घरातली वाक्यं करा. उताऱ्यावरचे प्रश्न आणि पत्रलेखन आधी पक्कं करा. पास होण्यापुरता पाया त्यातून उभा राहतो.

सासूबाईंकडे येते. ‘आता कशाला’ हा प्रश्न मी असंख्य सुनांकडून ऐकला आहे आणि तो दरवेळी वेगळा निघतो. कधी त्याचा अर्थ असतो, रविवारचा स्वयंपाक कोण करणार. कधी असतो, लोक काय म्हणतील. आणि कधी, हे फार थोड्या सासवा उघड बोलतात, की मला कुणी विचारलं नव्हतं. तुमच्या सासूबाईंचा यातला कोणता आहे ते तुम्हालाच माहीत. पहिला असेल तर भाषण न करता नेमकं सांगा: “रविवारी दहा ते दोन मी केंद्रावर असेन, भाजी-आमटी करून जाईन, पोळ्या आल्यावर करते.” ‘मला अभ्यासाला वेळ हवा’ असं मोघम बोललं की घरातल्यांना वाटतं सगळाच वेळ जाणार, आणि मग विरोध वाढतो. तिसरा असेल तर त्यांना फांगण्याच्या आजीबाईंच्या शाळेबद्दल सांगा. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात हे गाव आहे. तिथं ८ मार्च २०१६ ला ही शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून येतात आणि अक्षरं गिरवतात. मोबाइलवर फोटो सापडतील. वाद जिंकायला म्हणून दाखवू नका, नुसते शेजारी बसून बघा. आपल्याकडे मोठ्या माणसांनी शिकणं हे नवं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ सालीच दिवसभर राबणाऱ्या स्त्री-पुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली होती.

आणि यजमान ‘कर की’ म्हणतात हे चांगलंच आहे. त्यांना एक ठरावीक काम द्या. परीक्षेच्या दिवशी सोडायला-आणायला, किंवा गृहपाठ जमा करायला. पाठिंबा तोंडी राहिला की चार महिन्यांत विरतो.

लहान मुलांमध्ये बसायची लाज वाटते असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण वाटत असणार. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघालं ते ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन, म्हणजे ज्यांचं शिक्षण मधेच सुटलं त्यांनाही धरून. रविवारच्या वर्गात तुम्हाला तुमच्या वयाचे पुष्कळ जण भेटतील. आणि जी तरुण मुलं असतात ती दुसऱ्या महिन्यात तुमच्याकडेच नोट्स मागायला येतात, कारण तुम्ही एकही तास बुडवत नाही.

फॉर्मची भीती मात्र खरी आहे आणि ती अलीकडे वाढली आहे. ऑनलाइन अर्ज, ओटीपी, फोटो इतक्या केबीचा, एबीसी आयडी (मिळालेले श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, जमा होतात त्या खात्याचा नंबर), डेब आयडी (दूरशिक्षण घेणाऱ्यांसाठीचा नंबर). हे शब्द ऐकूनच बायका परत फिरताना मी बघितल्या आहेत. या आयडींचा बाऊ करू नका. आधार आणि त्याला जोडलेला मोबाइल जवळ असला की ते एका बैठकीत होतं. मुलीला घेऊन बसा, नाहीतर महा-ई-सेवा केंद्रातून किंवा कॅफेतून भरून घ्या. पण एक गोष्ट सोडू नका: मोबाइल नंबर आणि ईमेल स्वतःचाच द्यायचा. कॅफेवाला घाईत स्वतःचा ईमेल टाकतो, पुढं हॉलतिकीट काढायच्या वेळी पासवर्ड सापडत नाही आणि ऐन परीक्षेच्या तोंडावर रडू कोसळतं. दर वर्षी हे होतं. पासवर्ड वहीच्या पहिल्या पानावर लिहा.

नावाचा प्रश्न येईल. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद यांपैकी काय आहे ते बघा आणि पदवीवर कोणतं नाव येणार ते प्रवेशाच्या वेळीच केंद्रावर विचारून पक्कं करा. नंतर दुरुस्ती करायला फार खेटे घालावे लागतात.

२००६ चा एफवाय धरला जाईल का, हा पुढचा प्रश्न. तेव्हा वार्षिक परीक्षा होती, आता सत्रं आणि श्रेयांक आहेत, अभ्यासक्रमही बदलले आहेत. धरला जाईल असं गृहीत धरू नका, विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या. बहुधा पहिल्या वर्षापासून सुरुवात करावी लागेल. हे ऐकून वाईट वाटेल, ते वर्ष वाया गेलं असं वाटेल. माझं मत विचाराल तर तुमच्यासारख्या सुटलेला हात घेऊन येणाऱ्या माणसाला पहिल्या वर्षापासून सुरू करणं बरं पडतं. पेपर त्या मानानं हलके असतात आणि पहिलं यश लवकर पदरात पडतं.

‘मुक्त विद्यापीठाची पदवी चालते का’ असं कुणीतरी शेजारचं नक्की म्हणेल, आणि तुमचा कच्चा आत्मविश्वास तेवढ्यानं डळमळेल. विद्यापीठ अनुदान आयोगानं सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची मानायची. तुम्ही घेणार तो अभ्यासक्रम आयोगाच्या यादीत आहे एवढं तपासा आणि निश्चिंत राहा.

छातीतल्या धडधडीबद्दल. अभ्यासाला बसताना किंवा फॉर्म बघताना धडधडणं हे परीक्षेच्या भीतीचं आहे आणि ते लिहिण्यानं उतरतं. शिकागो विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २०११ साली दाखवलं होतं की परीक्षेच्या आधी दहा मिनिटं आपल्या मनातली काळजी कागदावर लिहून काढणाऱ्या विद्यार्थ्यांची कामगिरी सुधारली. मी आमच्या केंद्रावरच्या विद्यार्थ्यांना हे करायला लावते, हॉलबाहेरच्या पायरीवर बसून. पण धडधड अभ्यास सोडूनही होत असेल, रात्री झोप लागत नसेल, श्वास कोंडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

एका पेपरला मी पर्यवेक्षक होते. तिसऱ्या रांगेत एक बाई वीस मिनिटं कोऱ्या उत्तरपत्रिकेकडे बघत बसल्या होत्या. पेन धरलेली बोटं पांढरी पडलेली. जवळ जाऊन हळू म्हटलं, “पाणी प्या. सगळ्यांत सोप्या प्रश्नाचा नंबर समासात लिहा, बाकी काही नको.” त्यांनी नंबर लिहिला. मग त्याखाली रेघ मारली. मग एक शब्द. शेवटची घंटा झाली तेव्हा त्या पुरवणी बांधत होत्या. पास झाल्या, काठावर. पुढच्या सत्रात त्यांनी केंद्रावर आल्याआल्या मला सांगितलं की आता सगळ्या पेपरांना आधी नंबर लिहायचा हे ठरवलंय.

गणपती, दिवाळी, लग्नसराई या दिवसांत अभ्यास होणार नाही हे आधीच धरून वेळापत्रक करा, म्हणजे तो बुडाला म्हणून मन खात बसणार नाही. बाकी दिवशी घरातली एकच जागा आणि चाळीस मिनिटं पुरेत.

या आठवड्यात दोन गोष्टी करा. रविवारी जवळच्या अभ्यासकेंद्रावर जाऊन वर्गात मागच्या बाकावर तासभर बसू द्या म्हणून विचारा. प्रवेश घेतलेला नसला तरी आम्ही तरी कुणाला नाही म्हणत नाही. आणि दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला आणि ती एफवायची गुणपत्रिका शोधा. सासरच्या कपाटात नसतील तर बहुतेक माहेरी आईच्या ट्रंकेत, साड्यांच्या तळाशी, प्लॅस्टिकच्या पिशवीत असतील. आज फोन करून आईला बघून ठेवायला सांगा.